भुईकोटाच्या आतली बराक

नगर शहरातून भिंगारच्या रस्त्याला लागलं की किल्ला लगेचच यायला हवा. जुन्या शहरापासून तो पूर्वेला जेमतेम मैलभरही नाही. पण रस्त्यावरून तो दिसत नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेली नजर आपोआप वर जाते, आभाळाच्या कडेला बुरूज शोधते आणि रिकाम्या हाताने परत येते. इथे वर काही नाहीच. छावणीच्या भिंती, जुनी झाडं, मग गवताचा एक लांबलचक चढ. तो चढ म्हणजे साधी टेकाड जमीन असावी असं वाटतं. चढून माथ्यावर गेलं की पायाखाली खंदक उघडतो आणि खंदकाच्या पलीकडे काळ्या दगडाचा तट एकदम पुढ्यात उभा राहतो.

हा लपलेपणा हीच या किल्ल्याची खरी करामत आहे. खंदक खणताना निघालेली माती बाहेरच्या कडेला टाकून तिचा असा बेतशीर उतार केलाय की तटाचा बराचसा भाग त्याच्या आड जातो. दूर उभ्या केलेल्या तोफेला भिंतीचं अंग दिसतच नाही, फक्त वरची कड दिसते. १८०३ साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला, त्या वेळच्या एका वर्णनात म्हटलंय की बाहेरच्या उताराच्या माथ्यावरून पाहिलं तर तट आणि त्यावरचा कठडा मिळून लष्करी अंमलदाराच्या तंबूच्या खांबाएवढाच उंच वाटतो. आत उतरून तटाच्या पायथ्यापासून वर बघितलं की त्या खांबाची खरी उंची कळते.

आम्ही आलो होतो तुरुंग बघायला. १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य या किल्ल्यात बंदिवान होते. जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिलं, हे शाळेपासून ऐकलेलं. नगरला येणारे बहुतेक लोक त्याच खोलीसाठी येतात, खोली बघतात, फोटोंवरून नजर फिरवतात आणि निघतात. त्यात गैर काही नाही. पण या तुरुंगाच्या भिंती १९४२ साली बांधलेल्या नाहीत. त्या तटापासून सुरू होतात, आणि तट समजून घेतल्याशिवाय ती बराक समजत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी तट.

भिंगार हे गाव नगरपेक्षा जुनं. बहमनी राज्य मोडकळीला आलं तेव्हा जुन्नरचा सुभेदार मलिक अहमद याने १४९० साली भिंगारजवळ बहमनी सेनापती जहांगीर खानाचा पराभव केला. जिथे विजय मिळाला तिथे त्याने बाग लावली, महाल बांधला आणि त्याभोवती मातीचा कोट घातला. काही वर्षांतच सीना नदीच्या डाव्या काठाला अहमदनगर शहर वसलं. आज शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालंय. मातीच्या कोटाच्या जागी दगडी किल्ला उभा राहिला तो अहमदचा नातू हुसेन निजामशहा याच्या काळात, १५५९ ते १५६२ दरम्यान. पुढे १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव करणाऱ्या सुलतानांपैकी हाच तो हुसेन.

या तारखांकडे जरा लक्ष द्यायला हवं. विजापूरच्या तटावरची प्रसिद्ध ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ १५४९ साली ओतली गेली, आणि ती ओतली गेली या नगरमध्येच. मुहम्मद बिन हसन रूमी हा तिचा कारागीर. म्हणजे दगडी किल्ल्याचं काम हाती घेतलं तेव्हा नगरच्या दरबाराला मोठी तोफ काय करू शकते हे पक्कं ठाऊक होतं. ज्यांच्याकडे भिंत फोडणारी तोफ होती, त्यांनीच तोफेला दाद न देणारी भिंत बांधली. जवळजवळ गोल आराखडा, घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर, मध्ये मध्ये बाहेर आलेले वीसहून अधिक अर्धगोल बुरूज. काटकोन कुठेच नाही. भिंतीला कोपरा असला की तो तोफेच्या माऱ्यात आधी ढासळतो आणि कोपऱ्याच्या आड शत्रूला आसराही मिळतो. गोल भिंतीला असा कच्चा दुवा राहत नाही. शेजारच्या दोन्ही बुरुजांवरून मधल्या तटाच्या पायथ्यापर्यंत मारा करता येतो.

खंदकाच्या काठाने थोडं चाललं की बांधकाम जवळून दिसतं. खालचा भाग घडीव काळ्या दगडाचा. चिरे एकावर एक इतके नेटके बसवलेत की कित्येक ठिकाणी सांध्यात नख जात नाही. वर कठड्याला मात्र विटा आणि चुना. खाली दगड आणि वर वीट, यामागेही विचार असणार. तोफेचा गोळा दगडी कठड्यावर बसला तर दगडाच्या कपच्या उडून आतलीच माणसं जखमी होतात. वीट तिथल्या तिथे चुरते. कठड्यात बंदुकीच्या जंग्या आहेत, बुरुजांवर तोफांच्या जागा. खंदकाच्या दोन्ही बाजूंना दगडी बांधणी आहे, नुसता खणलेला चर नव्हे. पूर्वी त्यात पाणी असायचं आणि कडेने लव्हाळे माजलेले असायचे, असं जुन्या वर्णनात येतं. मूळचा मोठा दरवाजा एकच. बाकी अडीअडचणीला बाहेर पडण्यापुरत्या दिंड्या. इंग्रज अमदानीत खंदकावर एक झुलता पूलही झाला.

पाणी हा भुईकोटाचा जीव. डोंगरी किल्ल्यात टाकी खोदता येतात, इथे सपाटीवर तो मार्ग नाही. निजामशाहीने शहरासाठी कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या गावांकडून जमिनीखालून नळ खेळवले. पण वेढा पडला की बाहेरचा नळ शत्रू आधी तोडणार. म्हणून आत विहिरी हव्याच. गंगा, जमुना, मछलीबाई आणि शक्करबाई अशी चार विहिरींची नावं सांगितली जातात. महालांची नावंही अशीच उरली आहेत: सोनमहाल, गगनमहाल, मीनामहाल, बगदाद महाल. नावं उरली, महाल बहुतेक गेले.

तटाची पहिली मोठी परीक्षा १५९५ च्या अखेरीस झाली. अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला आणि किल्ल्याला वेढा पडला. आत चांदबीबी. हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा. तोफांनी काम होईना तेव्हा मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्याचा सुगावा आतल्यांना लागला, त्यांनी उलट बाजूने खणून काही सुरुंग निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठं खिंडार पडलं. चेहऱ्यावर पडदा, हातात उघडी तलवार अशी चांदबीबी त्या खिंडारात येऊन उभी राहिली आणि पळू लागलेले लोक परत फिरले, ही हकीकत दख्खनच्या इतिहासात कायमची कोरली गेली आहे. मला त्या हकीकतीचा उत्तरार्ध जास्त मोलाचा वाटतो. दिवसभर खिंडार लढवलं आणि रात्रीत ते पुन्हा बांधून काढलं. दगड, माती, लाकूड, हाताला येईल ते. सकाळी मुघलांना पुन्हा भिंत दिसली. अखेर तह झाला, वऱ्हाड द्यावं लागलं, पण किल्ला राहिला. तो पडला १६०० च्या ऑगस्टमध्ये, आणि त्याआधी चांदबीबीला तिच्याच माणसांनी मारलं होतं. फितुरीचा संशय पसरवण्यात जिता खान नावाच्या हबशी सरदाराचा हात होता. हे नाव लक्षात ठेवायला हवं, साडेतीनशे वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

आता कैदेची गोष्ट. किल्ला शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधतात. पण जी भिंत बाहेरच्याला आत येऊ देत नाही, ती आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही. हे सोयीचं दुसरं काम नगरच्या किल्ल्याने फार लवकर सुरू केलं. निजामशाही घराण्यातच कैद ही नित्याची बाब होती. मुर्तजा निजामशहाला १५८८ साली त्याच्या मुलाने हम्मामात कोंडून मारलं. त्या मुलाचाही वर्षभरात शिरच्छेद झाला. चांदबीबी ज्याच्या नावाने लढली तो बालराजा बहादूर निजामशहा गादीवर येण्याआधी जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात कैदेत होता, आणि नगर पडल्यावर मुघलांनी त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. राज्याची सुरुवात कैदेतून, शेवट कैदेत. एवढ्याशा पोराच्या नशिबी याहून वेगळं काही आलं नाही.

मराठी वाचकाला हलवून जाईल असा कैदी म्हणजे नाना फडणवीस. १७५९ साली किल्ला पेशव्यांकडे आला होता, तो १७९७ मध्ये दौलतराव शिंद्यांकडे गेला. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, नाना पुण्यात शिंद्यांच्या भेटीला गेले. शिंद्यांच्या पदरी असलेल्या मायकेल फिलोज या युरोपीय सरदाराने सुरक्षिततेचा शब्द दिला होता. तो शब्द पाळला गेला नाही. नानांना पकडून नगरच्या किल्ल्यात टाकलं. ज्याने वीस-बावीस वर्षं हिंदुस्थानचं राजकारण पुण्यात बसून हलवलं, तो माणूस या खंदकाच्या आत महिने मोजत बसला. १७९८ साली मोठी खंडणी भरून ते सुटले. दोन वर्षांनी गेले. नेहरूंच्या आधी दीडशे वर्षं या तटाने हिंदुस्थानचा एक राज्यकर्ता कोंडला होता, याचं स्मरण नगरमध्ये ठळकपणे व्हायला हवं.

१८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आला. ८ तारखेला शहर पडलं, १२ तारखेला किल्ला. चांदबीबीने महिनोन्‌महिने झुंजवलेला तट चार दिवसांत गेला याचं कारण दगडात शोधू नये. आतल्या माणसांत ते शोधावं. खुद्द वेलस्लीने आपण पाहिलेल्या देशी किल्ल्यांत वेल्लोरच्या खालोखाल हाच मजबूत, अशा अर्थाचं लिहून ठेवलंय. किल्ल्याजवळच्या चिंचेखाली त्याने न्याहारी केली असं सांगतात, आणि ती जागा जमिनीत उलट्या रोवलेल्या तोफांनी दाखवली गेली. तोंड खाली करून रोवलेली तोफ ही तोफेची कैदच म्हणायची.

पुढे १८१७ च्या पुणे करारान्वये किल्ला इंग्रजांकडे कायमचा आला आणि भिंगारच्या अंगाने छावणी वाढत गेली. निजामशाहीतले उरलेसुरले महाल, त्यांच्या पडक्या भिंती, साठलेला राडारोडा, आणि त्यावर लष्करी गरजेच्या साध्या इमारती. कोठारं, बराकी, कचेऱ्या. या इमारतींना शैली म्हणावी असं काही नाही. हिंदुस्थानभर छावण्यांमध्ये एकाच नकाशावर हजारो बराकी उभ्या राहिल्या, त्यातल्याच या. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर कैदी १९०१ च्या सुमारास इथे आणले गेले. पहिल्या महायुद्धात नगरच्या छावणीत जर्मन नागरिक स्थानबद्ध होते, दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पुन्हा जर्मन आले. त्यात हाइनरिख हारर हा गिर्यारोहकही होता. त्याला पुढे देवळालीला आणि मग डेहराडूनला हलवलं. तिथून तो १९४४ च्या एप्रिलमध्ये निसटला आणि तिबेटात पोचला. त्याच एप्रिलमध्ये नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी पुस्तकाची पहिली पानं लिहिली.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे धरपकड. सगळ्या नेत्यांना खास गाडीने मुंबईबाहेर काढलं. गांधीजींना आणि त्यांच्याबरोबरच्यांना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. गाडी पुढे निघाली. पुणे स्टेशनात पोलीस लोकांवर लाठ्या चालवताहेत हे पाहून नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून फलाटावर उडी घेतली होती, ही हकीकत मौलाना आझादांनी नोंदवली आहे. गाडी नगरला पोचली आणि किल्ल्याचा दरवाजा बंद झाला.

बारा जण होते. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. सुरुवातीला या सगळ्यांना कुठे ठेवलंय हे सरकारने लोकांना सांगितलंच नाही. पत्रव्यवहार मुंबई सरकारमार्फत. आरंभीचे दिवस वर्तमानपत्रही नाही. आणि गंमत अशी की त्याच चळवळीतले नगरचे सुपुत्र अच्युतराव पटवर्धन बाहेर भूमिगत राहून लढत होते, तर त्यांचे नेते त्यांच्याच गावात, त्यांच्याच लहानपणच्या किल्ल्यात बंद होते.

सरकारने हीच जागा का निवडली असेल, ते इथे उभं राहिलं की उमगतं. साधा तुरुंग म्हटला की त्यात शिपाई, वॉर्डर, इतर कैदी, त्यांचे नातेवाईक आले. बातमी फुटायला वेळ लागत नाही. इथे चहूबाजूंनी छावणी. किल्ल्यात नागरी वस्ती नाही. रेल्वे जवळ. आणि रस्त्यावरून किल्ला दिसतच नाही. हुसेन निजामशहाने तोफेपासून तट लपवला होता. इंग्रजांनी त्याच उताराआड माणसं लपवली.

आत बराकीपाशी एका शाळेची सहल आली होती. एका मुलाने शिक्षकांना विचारलं, “सर, गज कुठायत?” फार नेमका प्रश्न होता. गज नाहीत. अंदमानचं सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांसाठीच बांधलं गेलं. मधला मनोरा, त्यातून निघालेल्या सात शाखा, एका कोठडीतून दुसरी दिसू नये अशी मांडणी. तिथे इमारतच शिक्षा आहे. ठाण्याच्या पोर्तुगीज किल्ल्याचा इंग्रजांनी सरसकट तुरुंग केला. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ चा राजवाडा, तिथे कैदेभोवती कमानी आणि हिरवळ आहे. नगरची जात निराळी. इथे कोंडायचं काम बाहेरचा तट आणि खंदक करतो; आतल्या बराकीला भिंती जाड असण्याचीही गरज नाही. म्हणून ती इतकी साधी आहे. उतरत्या छपराची एकमजली इमारत, अंगणाच्या कडेने ओळीत खोल्या, पुढे व्हरांडा. एखाद्या जुन्या तालुका कचेरीत शोभावी अशी. इतिहास इथे घडला हे दाखवणारी एकही खूण तिच्या बांधणीत नाही.

आणि तेच तिचं वारसामूल्य आहे असं मला वाटतं. वास्तूचा वारसा म्हटलं की आपल्याला नक्षी, घुमट, शिखर हवं असतं. पण काही इमारती त्यांच्यात माणसांनी काय केलं यामुळे जपायच्या असतात, आणि त्या जशा होत्या तशाच जपायच्या असतात. इथल्या खोल्यांची लांबी-रुंदी, व्हरांड्याची खोली, अंगणात ऊन कुठून कुठे सरकतं, एका खोलीतला खोकला शेजारच्या खोलीत ऐकू येईल का, या गोष्टी त्या तीन वर्षांचा पुरावा आहेत. रंगरंगोटी, चकचकीत फरशी, संगमरवरी पाट्या लावल्या तर तो पुरावा पुसला जाईल.

त्या तीन वर्षांत या खोल्यांमध्ये झालेलं काम बघा. नेहरूंची ही नववी आणि सर्वांत दीर्घ कैद. इथे आणल्याला वीस महिने उलटल्यावर, १३ एप्रिल १९४४ ला, त्यांनी पुस्तकाला आरंभ केला आणि सप्टेंबरपर्यंत, पाच महिन्यांत, हाताने हजारावर पानं लिहून काढली. १९४६ साली ते छापलं गेलं तेव्हा अर्पणपत्रिकेत त्यांनी नाव घातलं ते नगरच्या किल्ल्यातल्या सोबत्यांचं. बरोबर चार-पाच भाषांचे, धर्मांचे जाणकार होते, ग्रंथ मर्यादित होते, वाद घालायला वेळ भरपूर होता. साने गुरुजींनी हे पुस्तक मराठीत आणलं. १९८८ मध्ये श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ घरोघरी पोचली. ती मालिका ज्या पुस्तकावरून निघाली त्याचं जन्मस्थान हे अंगण.

आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं इथे लिहिली. हबीबुर रहमान खान शेरवानी या स्नेह्याला उद्देशून लिहिलेली, पण कधीच न पाठवलेली. पहाटे उठून स्वतःच्या हाताने केलेला चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी युद्ध आणि मग मैत्री, हे सगळं त्यात आहे. चिमण्यांना त्यांनी नावंही ठेवली होती. त्या पत्रांमध्येच तुरुंगाच्या अधिकाऱ्याला त्यांनी टोपणनाव दिलंय: ‘चीता खान’. चांदबीबीचा घात करणाऱ्या त्या हबशी सरदारावरून. १९४३ च्या एप्रिलमध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपण वाढत असल्याच्या बातम्या येत होत्या, पण सुटकेसाठी वा भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला त्यांनी नकार दिला. ते दिवस त्यांनी याच व्हरांड्यात काढले.

पट्टाभि सीतारामय्यांनी इथे ‘फेदर्स अँड स्टोन्स’ लिहिलं. महताबांनी ओडिशाच्या इतिहासावर काम केलं. नरेंद्र देव ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध ग्रंथाच्या अनुवादात गुंतले. एवढ्या छोट्या अंगणात एका वेळी इतका इतिहास लिहिला जावा, असं आपल्याकडे दुसरं स्थळ मला तरी ठाऊक नाही.

यातली एक नोंद मात्र थेट वास्तूशी जोडलेली आहे आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. नेहरूंना अंगणात बाग करायची होती. जमीन खडकाळ, राडारोड्याने भरलेली. खणता खणता जुन्या भिंती लागल्या, मातीत खोल गाडल्या गेलेल्या घुमटांचे माथे लागले. फार खोल खणायची परवानगी नव्हती. एकदा एका भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ सापडलं. बहुधा एखाद्या दारावरचं. हे त्यांनी पुस्तकाच्या पहिल्याच पानांत लिहिलंय. म्हणजे भारताचा शोध घेणारा हा कैदी निजामशाही महालाच्या छपरावर वाफे करत होता! सोनमहाल, गगनमहाल गेले म्हणतो आपण, पण ते कुठे गेले याचं उत्तर कदाचित त्या मातीत आहे. बराक जपायची ती तिच्या खालच्या जमिनीसकट.

२८ मार्च १९४५ ला नेहरूंना इथून हलवलं. नैनी, बरेली आणि अलमोडा अशा तुरुंगांनंतर १५ जूनला सुटका झाली. बाकीचेही त्या सुमारास पांगले. असफ अलींना आजारपणामुळे आधीच इथून हलवलं होतं, डॉ. महमूद १९४४ मध्येच सुटले होते.

नगरमध्ये किल्ला लष्कराकडे असल्याबद्दल नाराजी ऐकू येते. वेळेचं बंधन, ओळखपत्र, फोटोंवर मर्यादा. ही नाराजी मला कळते, पण मी दुसऱ्या बाजूचा आहे. शहरातली निजामशाहीची कितीतरी बांधकामं घरांच्या आणि दुकानांच्या गर्दीत बुडाली. किल्ल्याचा खंदक मात्र कुणी बुजवला नाही, तटाला टेकून कुणी घर बांधलं नाही, बाहेरचा उतार अजून उतारच आहे. तो उतार सपाट केला असता तर तटाची सगळी अक्कलच नाहीशी झाली असती. छावणीच्या शिस्तीने तो वाचवला, हे मान्य करायला हवं. मागायचंच असेल तर एवढं मागावं: नेत्यांच्या बराकीइतकंच महत्त्व तटाला मिळावं, नाना फडणवीस, बोअर, जर्मन या साऱ्या बंदिवानांची माहिती मराठीत एका ठिकाणी वाचायला मिळावी, आणि अंगणाखाली काय आहे याचं शास्त्रशुद्ध सर्वेक्षण व्हावं. जमिनीला धक्का न लावता आत डोकावणारी यंत्रं आता आहेत.

जाणाऱ्यांनी निदान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. ओळखपत्र बरोबर हवं, आणि त्या दिवशी प्रवेश आहे का याची चौकशी आधी करावी; लष्करी जागा आहे, नियम बदलतात. छायाचित्रांबाबत दरवाजावरचा जवान सांगेल ते ऐकावं. किल्ल्याच्या शेजारीच दमडी मशीद आहे. १५६७-६८ मधली ही छोटीशी वास्तू किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी दमडी दमडी जमवून उभारली अशी परंपरा सांगते, आणि तिच्या दगडी कोरीवकामाला नगरमध्ये तोड नाही. भिंगारजवळच आलमगीर हे ठिकाण आहे. ३ मार्च १७०७ ला औरंगजेब वारला तो इथल्या छावणीत; दफनासाठी त्याला खुलदाबादला नेलं. वेळ उरला तर रणगाड्यांचं संग्रहालयही याच परिसरात आहे.

आणि एक विनंती. आत गेल्यावर थेट बराकीकडे धावू नका. आधी बाहेरच्या उतारावर उभे राहा, तटाचे चिरे जवळून बघा, बुरुजांचा क्रम ध्यानात घ्या. नेहरूंची खोली शेवटी बघा. मुलांना बरोबर नेलंत तर तीही विचारतील, गज कुठे आहेत म्हणून. त्यांना खंदक दाखवा.